शंभर टक्के कापूस, दोन शब्दांची मजुरी

इंग्रजीतून मॅसेडोनियन भाषेत अनुवाद करणारा पाहिजे. त्याला फॅशन कळायला हवी, कापड तर कळायलाच हवं. मातृभाषा मॅसेडोनियनच हवी, अनुभव दांडगा हवा, काम उद्या सकाळी हातात पडायला हवं आणि दर माफक हवा. अशी मागणी वाचली की वधूवर सूचक मंडळाच्या अर्जातला ‘अपेक्षा’ हा रकाना आठवतो. फरक इतकाच की तिथे मनासारखं स्थळ येईपर्यंत दोन-चार वर्षं थांबायची तयारी असते, इथे जॅकेटं गोदामात येऊन पडलेली असतात. शोधाशोध होते, हाती फारसं काही लागत नाही, आणि मग गिऱ्हाईक हात झटकून म्हणतं की भाषाच एवढीशी, देशच एवढासा, माणसं मिळणार कुठून? ही समजूत सोयीची आहे, कारण तीत गिऱ्हाइकाचा काहीच दोष निघत नाही. पण ती खरी नाही. त्या देशात अनुवादकांचा तुटवडा नाही आणि कापड कळणाऱ्यांचा तर मुळीच नाही. घोळ आहे तो मोजपट्टीत, आणि ती मोजपट्टी गिऱ्हाइकाच्याच गळ्यात लटकलेली आहे.

देश लहान आहे हे कबूल. 2021च्या जनगणनेत उत्तर मॅसेडोनियाची लोकसंख्या 18,36,713 भरली, आणि त्यातला साधारण चौथा हिस्सा अल्बेनियन. एकट्या नागपूर शहरात याहून जास्त माणसं राहतात. पण अनुवादकांचा मान ठेवण्यात हा देश मोठमोठ्यांना लाजवेल. नवव्या शतकात ग्रीकमधले धर्मग्रंथ स्लाव्ह लोकांच्या भाषेत आणणारे किरील आणि मेतोदिय हे दोघे भाऊ, आणि त्यांचा शिष्य ओह्रिदचा क्लिमेंत, हे या देशाचे थोर संत. 24 मेला त्या भावांची सरकारी सुट्टी, 8 डिसेंबरला शिष्याची. राजधानी स्कोपियेतल्या विद्यापीठाला भावांचं नाव, राष्ट्रीय ग्रंथालयाला शिष्याचं. म्हणजे वर्षातून दोन दिवस अख्खा देश अनुवादकांच्या नावाने घरी बसतो. आपल्याकडे अनुवादकाचं नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर यायची मारामार! जिवंत अनुवादकांचीही तिथे वानवा नाही. शहरात न्यायालयमान्य अनुवादकांच्या पाट्या दिसतात, त्यांच्याकडे गोल शिक्के असतात, आणि जन्मदाखला, पदवी, विवाहनोंदणी, वाहन परवाना ते झटपट दुसऱ्या भाषेत करून देतात. फक्त या कामाचं तोंड मुख्यतः बाहेरच्या दिशेला आहे. जर्मनीला निघालेल्या माणसाचे कागद मॅसेडोनियनमधून जर्मनमध्ये किंवा इंग्रजीत करायचे, हा पोटापाण्याचा धंदा. इंग्रजीतून आत येणाऱ्या शर्टाच्या लेबलाला कुणी शिक्का मारत नाही आणि शिक्क्याचे पैसेही देत नाही.

आता कापडाकडे वळू. देशाच्या पूर्व भागात श्तिप नावाचं शहर आहे. युगोस्लाव्हियाच्या काळात तिथे ‘माकेदोन्का’ ही मोठी सुती गिरणी होती, पश्चिमेकडे तेतोवोला लोकरीच्या कापडाची ‘तेतेक्स’. गिरण्यांचे ते दिवस गेले, ही गोष्ट मुंबईच्या गिरणगावाला वेगळी सांगायला नको. पण श्तिपमध्ये गिरणी गेली तरी शिलाई राहिली. आज तिथले कारखाने बरंचसं काम ‘लोन’ पद्धतीने करतात. हे बँकेचं लोन नव्हे, जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ मजुरी. परदेशी ब्रँड कापड पाठवतो, पॅटर्न पाठवतो, दोरा, बटणं, अस्तर सगळं पाठवतो. इथे कापायचं, शिवायचं, इस्त्री करायची, घडी घालून परत पाठवायचं. बरोबर लेबलंही तयारच येतात, साटिनच्या लांबलचक पट्टीवर छापलेली, आणि ती डाव्या बगलेखालच्या शिवणीत अडकवायची. युरोपीय संघाच्या 24 अधिकृत भाषा आहेत, मॅसेडोनियन त्यात नाही. त्यामुळे पट्टी शिवणाऱ्या बाईला त्या पट्टीवर एस्टोनियन भेटते, माल्टीज भेटते, स्वतःची भाषा भेटेलच असं नाही. तोच शर्ट जर्मनीची वारी करून स्कोपियेच्या मॉलमध्ये ‘आयात माल’ म्हणून येऊ शकतो. मग आयातदार इंग्रजी लेबल हातात धरून विचारत सुटतो की हे मॅसेडोनियनमध्ये सांगणारं कुणी आहे का?

आहे की! पण ती बाई अनुवादक नाही आणि अनुवादक श्तिपला जात नाही. भाषा आणि कापड एकाच देशात, मोटारीने साधारण तासाभराच्या अंतरावर राहतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. 2019 साली आलेल्या ‘देव आहे, तिचं नाव पेत्रुनिया’ या श्तिपमध्ये घडणाऱ्या मॅसेडोनियन चित्रपटाची नायिका इतिहासाची पदवीधर आहे. सुरुवातीलाच ती शिवणकारखान्यात सेक्रेटरीची नोकरी मागायला जाते आणि मालक तिचा पाणउतारा करून तिला परत पाठवतो. चित्रपटाचा विषय पुढे भलताच आहे. पण पदवी आणि शिवणयंत्र समोरासमोर आल्यावर दोघांनाही एकमेकांचं काय करायचं ते कळत नाही, हे त्या एका प्रसंगात बघून घ्यावं.

या दोघांची गाठ पडत नाही याचं कारण साधं आहे. अनुवादाचा जगभरचा बाजार शब्दावर चालतो, शब्दाला इतके सेंट. कादंबरी, करारपत्र, ट्रॅक्टरची पुस्तिका, सगळ्यांना हाच हिशेब. दोनशे पानी करार आला तर अनुवादकाचं महिन्याचं भाडं निघतं. आता शर्टाचं लेबल घ्या. ‘100% कॉटन’ या मजकुरात शब्द किती? आकडा धरला तर दोन, न धरला तर एकच. मॅसेडोनियनमध्ये ‘पामुक’ लिहिलं की झालं. या मजुरीत स्कोपियेत चहासुद्धा येणार नाही. म्हणून फॅशन आणि वस्त्रोद्योग या एका विषयावर जगणारा मॅसेडोनियन अनुवादक शोधूनही सापडत नाही, कारण तसं जगताच येत नाही. अनुवादकांच्या याद्यांमध्ये ज्यांच्या नावापुढे हा विषय असतो त्यांच्याच नावापुढे कायदा, वैद्यक, कुक्कुटपालन, सिमेंट, पर्यटन आणि धर्मशास्त्रही असतं. त्यांना हसण्यात अर्थ नाही. तुम्ही दोन शब्दांचं काम वर्षातून चारदा देणार, तर माणूस उरलेले दिवस कोंबड्यांवरच काढणार.

पण कापडाच्या मजकुरात शब्द थोडे असले तरी सोपे नसतात. कापडात कोणता धागा किती आहे ते लेबलावर सांगण्याबद्दल युरोपीय संघाचा 2011चा नियम आहे, आणि त्याला धाग्यांच्या मान्य नावांची यादी जोडलेली आहे. उत्तर मॅसेडोनिया 2005पासून संघाच्या सदस्यत्वाचा उमेदवार आहे. उमेदवाराला संघाचा सगळा कायदा स्वतःच्या भाषेत आणावा लागतो. मुलगी दाखवायला अजून वेळ आहे, पण सासरची कुळकथा आधी पाठ करायची! त्या यादीत मेंढीच्या लोकरीपाठोपाठ अल्पाका, लामा, उंट, मोहेर, अंगोरा, विकुन्या, याक, ग्वानाको, बीव्हर आणि पाणमांजर यांचा मान आहे. शार डोंगरावर मेंढरं राखणाऱ्यांच्या भाषेत मेंढीचं वय, रंग, शिंग, स्वभाव यांचा शब्दसाठा मोठा असणारच. अँडीज पर्वतातला ग्वानाको मात्र तिकडे कधी फिरकला नाही. त्याचं नाव कसं लिहायचं, त्याची ‘लोकर’ म्हणायची की ‘केस’, हे ठरवायला अनुवादकाची दुपार जाते आणि पदरात एका शब्दाचे पैसे पडतात. त्याच नियमात आणखी एक वाक्य सक्तीचं केलेलं आहे. जीन्सच्या मागच्या चामडी तुकड्यासाठी किंवा कोटाच्या शिंगाच्या बटणांसाठी लेबलावर लिहावं लागतं की या कपड्यात प्राणिजन्य असे कापडेतर भाग आहेत. इंग्रजीत सहा शब्द. ते शब्दशः उतरवलं तर गिऱ्हाईक खिशात हात घालायला घाबरेल, आणि सैल केलं तर सरकारी निरीक्षक ऐकणार नाही.

भर म्हणून मॅसेडोनियन प्रमाणभाषा वयाने कृत्रिम धाग्यांच्या बरोबरीची आहे. मिसिर्कोव्ह या लेखकाने 1903 साली पुस्तक लिहून या भाषेच्या प्रमाण रूपाची मागणी केली, पण वर्णमाला आणि शुद्धलेखन अधिकृत झालं ते 1945 साली. नायलॉन जाहीर झालं 1938 साली. म्हणजे नायलॉन मोठं आणि मॅसेडोनियन शुद्धलेखन धाकटं. याचा अर्थ भाषेला कापडाचे शब्द नव्हते असा मात्र नाही. मारियोवोचं भरतकाम, गालिच्निकच्या नवरीचा अंगावर ओझं व्हावं इतका जड पोशाख, पट्ट्याचे चांदीचे बक्कल, माग, चाती, या सगळ्यांना नावं होतीच. ती बायकांच्या तोंडी होती, कोशात नव्हती. कारखाना आल्यावर यंत्राचे शब्द जर्मन, सर्बियन, इटालियन अशा मिळेल त्या वाटेने आले आणि तेही तोंडी राहिले. कोशावर भिस्त ठेवणारा अनुवादक इथेच फसतो. आपण जॅकेटच्या ज्या वस्तूला ‘चेन’ म्हणतो तिला मॅसेडोनियनमध्ये ‘पातेंत’ म्हणतात. कुक्कुटपालन आणि कायदा एकत्र सांभाळणाऱ्याने ‘पातेंत बिघडल्यास’ हे वाक्य वाचून बौद्धिक संपदेचा वकील गाठला तर नवल नाही.

इंग्रजीही बिचारी काही कमी नाही. लंडनहून आलेल्या यादीत ‘पँट्स’ म्हणजे चड्डी, न्यूयॉर्कहून आलेल्या यादीत तीच फुलपँट. ‘व्हेस्ट’ इकडे बनियन, तिकडे जाकीट. ‘बायस’ म्हणजे कायद्याच्या अनुवादकाला पूर्वग्रह, शिंप्याला उरेब. पूर्वग्रहावर बेतलेला स्कर्ट म्हणून तो दुकानात लागला तर समीक्षकांना आवडेल, गिऱ्हाइकांना नाही. ‘योक’ शेतात बैलाच्या मानेवर असतं आणि शर्टात खांद्यावर. फॅशनवाल्यांच्या जाहिरातींबद्दल तर बोलूच नये. बॉयफ्रेंड जीन्स, मॉम जीन्स, न्यूड रंगाचं जाकीट! हे सगळं प्रिलेपच्या बाजारात मैत्रिणीबरोबर फिरणाऱ्या आजीबाईंना खुलासेवार सांगून दाखवा. त्या कुणाच्या बॉयफ्रेंडची ते आधी विचारतील.

खरी गंमत अशी की मोजायचं कसं याचं उत्तर श्तिपच्या कारखान्यातच आहे. कपड्यांच्या कारखान्यात कोणत्या कामाला किती वेळ द्यायचा ते घड्याळ लावून ठरवतात. शर्टाची बाजूची शिवण चांगली हात-दीड हात लांब असते, पण सरळ असते, यंत्राखालून भरकन निघून जाते. कॉलर वीतभर, पण तिला टोकं आहेत, आतलं अस्तर आहे, दोन्ही बाजू जुळायला हव्यात. म्हणून कॉलरच्या बाईला जास्त मिनिटं मिळतात. दोरा किती लागला यावर मजुरी ठरवायचं कुठल्याही सुपरवायझरला सुचत नाही, आणि सुचलंच तर दुसऱ्या दिवशी एकही कॉलर जागेवर बसणार नाही. श्तिपच्या बायकांचं कष्टाचं मोल पुरेसं होतं असं यातून कुणी समजू नये. ते होत नाही, म्हणून तर तिथे कामगार बायकांना संघटना करून ओरडावं लागलं. पण निदान काम अवघड कुठे आहे एवढं तरी त्या धंद्याने ओळखलं आहे. लेबल ही अनुवादातली कॉलर आहे आणि बाजार तिचे पैसे दोऱ्याच्या लांबीवर देतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो चित्रांचा. लेबलावर टब आहे, त्रिकोण आहे, इस्त्री आहे, वर्तुळ आहे. 1963 साली स्थापन झालेल्या ‘जिनेटेक्स’ या संस्थेने ही चिन्हं साऱ्या युरोपात रुजवली, मग शब्द हवेत कशाला? चिन्हं छानच आहेत. त्रिकोण म्हणजे ब्लीच हे घरात किती जणांना ठाऊक असतं, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण युरोपीय नियमात कपडा धुवायचा कसा हे सांगण्याची सक्ती नाही. सक्ती आहे ती धाग्यांची नावं शब्दांत सांगण्याची. जे चित्रात काढता येतं ते ऐच्छिक, आणि जे सक्तीचं ते कुठल्याही चित्रकाराला काढता येणार नाही. पाच टक्के इलास्टेन काढून दाखवा.

दुसरा आक्षेप यंत्राचा. आता सगळं यंत्र करतं, क्षणात करतं, फुकट करतं. करतं खरं, आणि लांब मजकूर पुष्कळदा बरा करतं. कारण लांब मजकुरात मागचं-पुढचं वाक्य हाताशी असतं. लेबलाला मागचंही नाही आणि पुढचंही नाही. नुसतं ‘व्हेस्ट’ एवढंच लिहिलेलं असेल तर बनियन की जाकीट हे यंत्राने काय कुंडली मांडून ठरवायचं? त्यासाठी कपडा बघावा लागतो. गंमत म्हणजे गिऱ्हाईक माणसालाही कपडा दाखवत नाही. एक तक्ता पाठवतं, त्यात अडीचशे सुटे शब्द, फोटो एकही नाही, आणि वर सूचना की एकेका रकान्यात वीस अक्षरांपेक्षा जास्त नकोत. यंत्र आणि माणूस दोघांनाही डोळ्यांवर पट्टी बांधून नेम धरायला लावायचं, मग यंत्र स्वस्त पडतं हे खरंच आहे.

तिसरा आक्षेप जरा राजकारणातला आहे. सर्बियन लेबल चालवून घ्या, जुन्या पिढीला युगोस्लाव्हियामुळे ती भाषा कळते. किंवा बल्गेरियन चालवा, कारण मॅसेडोनियन ही वेगळी भाषा नसून आमचीच बोली आहे असं बल्गेरियाचं म्हणणं. 2020 साली तर बल्गेरियाने भाषा आणि इतिहासाच्या वादावरून उत्तर मॅसेडोनियाची युरोपीय संघाशी व्हायची बोलणी अडवून धरली. गोव्यातल्या वाचकांना असल्या वादाची चव वेगळी सांगायला नको. विद्वानांनी तो खुशाल चालवावा, कपड्याच्या दुकानात तो दोन मिनिटांत मिटतो. बाईमाणसाच्या एकाच झग्याला सर्बियन म्हणणार ‘हाल्यिना’, बल्गेरियन म्हणणार ‘रोक्ल्या’ आणि मॅसेडोनियन म्हणणार ‘फुस्तान’. स्कर्टचंही तेच. तिन्ही भाषांतला कायद्याचा किंवा कवितेचा मजकूर एकमेकांना बराचसा उमगेल, पण कपाट उघडलं की सीमारेषा दिसायला लागतात. म्हणजे शेजारचं लेबल जिथे सगळ्यात कमी चालेल तो विषय नेमका हाच.

शेवटचा आक्षेप आकड्याचा. एवढ्या थोड्या लोकांसाठी इतका खटाटोप? हा प्रश्न मराठी माणसाने विचारू नये हे बरं. 2011च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख निघाले. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, सोलापूर ही सगळी मागाची गावं आपली. पण आपल्याकडच्या वेष्टनावरच्या मजकुराच्या नियमांना देवनागरी हिंदी किंवा इंग्रजी एवढं पुरतं, बाकी भाषा हौस असेल तर. त्यामुळे इंग्रजीतून मराठीत अनुवाद करणारा, फॅशन आणि कापडातला जाणकार पाहिजे, अशी जाहिरात सहसा कुणी देत नाही. मॅसेडोनियन अनुवादक सापडत नाही अशी तक्रार तरी होते, कारण तिथे ग्राहकाला त्याच्या भाषेत माहिती द्यायला कायदा सांगतो. तुटवडा भासायला आधी मागणी लागते. आपल्याला तेवढीही अडचण नाही.

तेव्हा ज्याला खरोखर असा माणूस हवा आहे त्याने एक माणूस शोधणं सोडावं आणि दोन शोधावेत. एक स्कोपियेच्या भाषाशाखेत शिकलेला, दुसरी श्तिपच्या कारखान्यात तयार माल तपासणारी. तपासणारी कपडा हातात धरून हे काय आहे ते सांगेल, शिकलेला ते कायद्याला आणि वीस अक्षरांना बसेल असं लिहील. दोघांनी मिळून एकदा चारशे-पाचशे शब्दांची पक्की यादी केली की पुढचे कित्येक हंगाम तीच चालेल, कारण फॅशन दर सहा महिन्यांनी बदलते पण पामुक बदलत नाही. पैसे मात्र शब्दावर नव्हे, बसल्या बैठकीचे द्यायचे, दोघांचे सारखे, आणि कपड्याचा एक नमुना टेबलावर ठेवायचा. नमुना पाठवायचा कुरिअरचा खर्च कोण देणार, यावर बहुतेक सौदे मोडतील.